चालती गाडी मधेच बंद पडते आणि वीस मिनिटांनी मुकाट सुरू होते: आमच्या घरच्या गाडीचा तपास

आधी लक्षणं सांगतो, तुमच्या गाडीशी जुळतात का बघा. २००३ सालची पेट्रोल गाडी, एमपीएफआय इंजिन (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल इंजेक्टरने फवारलं जातं), १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. चालता चालता इंजिन बंद. आधी झटके नाहीत, मिसिंग नाही, धूर नाही. शेजारी बसलेल्या कुणीतरी हात लांबवून चावी फिरवावी, तसं. सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरतं पण उचलत नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला सुरू. मग कधी चार दिवस, कधी तीन आठवडे काही नाही. आणि गॅरेजमध्ये नेली की पाहुण्यांसमोर पोरं जशी शहाण्यासारखी बसतात तशी दिवसभर आयडलिंगला घुर्र करत उभी.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वीस वर्षांत झालेला आजार आहे, कुठल्याही कंपनीच्या गाडीला होऊ शकतो, आणि तो शोधायची रीत बदलत नाही.

पहिल्यांदा बंद पडली ती पुणे-सातारा रस्त्यावरचा खंबाटकी घाट चढताना, एप्रिलमध्ये, भर दुपारी. गाडी बाबा चालवत होते. शिरवळला चहाला थांबलो होतो, गाडी पाऊण तास उन्हात उभी होती. घाट लागला तसा बाबांनी सवयीने एसी बंद केला (इंजिनावर लोड नको, ही त्यांची १९८० पासूनची शिस्त) आणि तिसऱ्या वळणाच्या आसपास इंजिन गेलं. मागे ट्रक. चालती गाडी अशी बंद पडली तर काय करायचं ते एकदा नीट सांगून ठेवतो, कारण घाबरून लोक नेमकं उलटं करतात. क्लच दाबा, पार्किंगचे चारही इंडिकेटर लावा, हाताशी असलेल्या वेगात गाडी डाव्या कडेला घ्या. ब्रेक एकदाच, सलग दाबा. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन ब्रेकपुरता व्हॅक्यूम उरलेला असतो, ब्रेक पुन्हा पुन्हा पंप केला की तो संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंग जड होईल, पण फिरेल. चावी मात्र गाडी थांबेपर्यंत शेवटच्या खाचेत मागे नेऊ नका, स्टिअरिंग लॉक होईल. चढावर उभी राहिली तर हँडब्रेक, पहिला गिअर आणि चाकामागे दगड.

तर आम्ही बॉनेट उघडून उभे राहिलो. एक ट्रकवाले काका थांबले, म्हणाले, ‘‘गरम झाली असेल, पाणी मारा पंपावर, ओलं फडकं टाका.’’ कार्ब्युरेटरच्या जमान्यात हा उपाय खरा होता. तेव्हा पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून असायचा, पाइपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंपाला वाफ ओढता येत नसे. ओल्या फडक्याने वाफेचं परत पेट्रोल व्हायचं. आमच्या गाडीत पंप मागे टाकीत बुडालेला. इंजिनावर फडकं कुठे टाकणार? तरी टाकलं. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली, त्यामुळे ‘गरम झाली होती’ हे निदान घरात कायम झालं. हे निदान अर्धं बरोबर होतं, आणि त्याच्या चुकीच्या अर्ध्याने आम्हाला पुढे चार महिने फिरवलं.

पहिल्या गॅरेजने फिल्टर आणि प्लग बदलले. दुसऱ्याने टाकीतला पंप बदलला. तिसरा म्हणाला कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी वीज वाढवणारी) गरम होऊन मरते, म्हणून कॉइलही नवी. प्रत्येक वेळी गाडी आठ-दहा दिवस चांगली चालली आणि प्रत्येक वेळी आम्हाला वाटलं, सुटलो एकदाचे. मधूनमधून येणाऱ्या बिघाडाची हीच गंमत आहे, की काहीही केलं तरी काही दिवस ते लागू पडल्यासारखं वाटतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी तसे एकामागून एक चांगले पार्ट फासावर गेले, साडेनऊ हजार रुपये झाले. दोष त्या मिस्त्रींना देत नाही. गाडी त्यांच्यासमोर चालू होती, आणि चालू गाडीत बंद पडण्याचं कारण दिसत नाही.

म्हणून पहिली गोष्ट: तपास गॅरेजमध्ये होणार नाही, रस्त्यावर होईल, गाडी बंद पडून उभी असते त्या पंधरा-वीस मिनिटांत. आणि तो तुम्हालाच करावा लागेल, कारण तिथे तुम्हीच असणार. घाबरून जाण्यासारखं त्यात काही नाही. सेल्फ मारत बसण्याऐवजी चार गोष्टी बघायच्या.

बंद कशी पडली, हे आधी आठवा. खोकत, झटके देत, रेस घेता घेता दम सोडत गेली असेल तर बहुधा पेट्रोल पोहोचत नाही. इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं (रेलमधलं) प्रेशर उतरायला क्षण-दोन क्षण लागतात, त्यामुळे इंजिन आचके देतं. ट्यूबलाइटचं बटन बंद केल्यासारखी खटकन गेली तर वीज गेली. आमची दर वेळी खटकन जायची. हे पहिल्याच दिवशी ध्यानात घेतलं असतं तर टाकीतला पंप वाचला असता.

मग चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि मीटरकडे बघा. लाल ऑइलचा दिवा आणि लाल बॅटरीचा दिवा लागायला हवा. पिवळा चेक इंजिनचा दिवाही लागायला हवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत या पिवळ्या दिव्याची अर्थिंग ईसीएममधून मिळते, म्हणजे इंजिनाचा संगणक जिवंत असेल तरच तो लागतो. आपल्या गाडीत चावी ऑन केल्यावर तो लागतो का, हे घरी चांगल्या दिवशीच बघून ठेवा, नाहीतर रस्त्यावर गोंधळ होईल. तिन्ही दिवे गायब असतील किंवा मिणमिणत असतील तर इग्निशन स्विच, बॅटरीचं टर्मिनल किंवा मोठा फ्यूज. (किल्लीला घराच्या, ऑफिसच्या, लॉकरच्या चाव्यांचा जुडगा लोंबकळत असेल तर तो काढा. वर्षानुवर्षं त्या वजनाने इग्निशनची आतली पकड झिजते. किल्ली जरा हलवली आणि दिवे लुकलुकले तर शोध तिथेच संपला.) लाल दोन्ही आहेत आणि पिवळा एकटाच नाही, तर ईसीएमला करंट पोहोचत नाही.

त्याच वेळी कान मागच्या सीटकडे द्या. चावी ऑन केल्यावर पंप दोन-एक सेकंद ‘गूं’ करतो आणि थांबतो. रस्त्यावर गर्दी असेल तर टाकीचं झाकण उघडून कान लावा. झाकण उघडताना जोरात ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली तर तीही नोंद करा, झाकणाचा श्वास बुजलेला असू शकतो.

शेवटी सेल्फ मारताना आरपीएमचा काटा. इंजिन फिरत असताना काटा थोडा तरी, दोन-तीनशेपर्यंत, उठायला हवा. पिवळा दिवा आहे, पंपाचा आवाज आहे, पण सेल्फ मारताना काटा शून्यावर मेलेला आहे, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या. इंजिन फिरतंय हे ईसीएमला तो सेन्सर सांगतो. त्याचा निरोप आला नाही तर ईसीएम ठिणगीही देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. सेन्सरच्या आतली तार गरम झाली की तुटते आणि गार झाली की जुळते, त्यामुळे लक्षणं हुबेहूब आमच्यासारखीच असतात. स्वस्तातला पार्ट आहे, पण म्हणून अंदाजाने बदलू नका. आम्ही त्याच वाटेला लागणार होतो.

ठिणगी बघायची असेल तर जुना प्लग जवळ ठेवा. एका वायरच्या टोकाला तो लावून त्याचा धातू जंपर केबलने इंजिनाला घट्ट चिकटवा, मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. हातात धरायचा नाही. हजारो व्होल्ट असतात. पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोगच करायचा नाही. आणि सेल्फ तीन-चार सेकंदांच्या वर मारू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जातं आणि ते नंतर महागात पडतं.

आमच्या गाडीत पुढच्या खेपेला, सिंहगड रोडवर, मी हे सगळं बघितलं. दोन्ही लाल दिवे लख्ख. पिवळा नाही. पंप गप्प. काटा शून्य. क्रँक सेन्सर तिथल्या तिथे यादीतून बाद झाला, कारण सेन्सर मेला असता तरी चावी ऑनला पिवळा लागला असता आणि पंप दोन सेकंद वाजला असता. ईसीएमचा करंटच तुटत होता. पंप आणि कॉइल दोघांचाही मालक मेलेला, आणि आम्ही नोकर बदलत बसलो होतो.

दुसरं काम केलं ते वहीचं. डॅशबोर्डच्या कप्प्यात शंभर पानी वही ठेवली आणि प्रत्येक खेपेला लिहायला लागलो. नुसती तारीख नाही. तीन नोंदी इथे उतरवतो:

‘७ मे, दु. ३:१०. गाडी ऑफिसबाहेर उन्हात सकाळपासून. सुरू करून ६ मिनिटं. काचा बंद, एसी नुकताच लावलेला. पाण्याचा काटा अजून खालीच. बंद.’

‘११ मे, स. ९. पुणे ते नाशिक, साडेचार तास, एसी चालू. काही नाही.’

‘१९ मे, रात्री ८:४०. स्वारगेट ते कात्रज, ट्रॅफिक, इंजिन चांगलंच गरम, फॅन दोनदा लागला. काही नाही.’

या तीन ओळी मी आठवडाभर बघत होतो. इंजिन थंड असताना बंद पडते आणि तापलेलं असताना पडत नाही, हे कसं? बाबांनी वही हातात घेतली, चष्मा वर केला आणि विचारलं, ‘‘अरे, पण गरम काय होतंय?’’

गरम इंजिन होत नव्हतं, केबिन गरम होत होती. खंबाटकीतही तेच. शिरवळला उन्हात उभी, डॅशबोर्ड हात लावू देत नव्हता, मग एसी बंद. बंद पडल्यावर आम्ही चारही दारं उघडली आणि खाली उतरलो. इंजिनावरच्या ओल्या फडक्याने काही केलं नव्हतं, वारा केबिनमधून गेला होता. म्हणजे दोष डॅशबोर्डच्या मागे कुठेतरी, ईसीएमच्या करंटच्या वाटेवर. त्या वाटेवर आमच्या गाडीत तीनच मुक्कामं: बॉनेटखालचा फ्यूज, इग्निशन स्विच आणि ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या वर आत बसवलेला मेन रिले, म्हणजे चावीचा छोटा करंट मिळाला की ईसीएमचा मोठा करंट जोडणारा विजेचा स्विच.

आता स्विच की रिले? इथे एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी सुचवलेला दोन बल्बचा सापळा लावला. पार्किंग लाइटचे ५ वॅटचे दोन बल्ब, होल्डरसकट. एक जोडला इग्निशन स्विचकडून रिलेला चावीचा करंट जातो त्या तारेवर, दुसरा रिलेतून ईसीएमकडे करंट बाहेर पडतो त्या तारेवर. दोघांची दुसरी टोकं गाडीच्या पत्र्याला. दोन्ही तारांत तीन अँपिअरचा फ्यूज, हे विसरू नका, तार कुठे घासून पत्र्याला लागली तर डॅशबोर्डच्या मागे आग नको. बल्ब स्टिअरिंगच्या बाजूला टेपने चिकटवले, पहिल्यावर हिरवी टिकली, दुसऱ्यावर लाल. गाडी बंद पडली की बघायचं: दोन्ही विझले तर स्विच किंवा त्याच्या मागचं काही, फक्त लाल विझला तर रिले, दोन्ही पेटलेले असतील तर दोष पुढे, ईसीएमच्या अर्थिंगमध्ये किंवा ईसीएममध्येच. पंपाच्या तारेवर बल्ब लावून हे कळत नाही. इंजिन थांबलं की पंप तसाही बंद होतो, त्यामुळे बल्ब विझणारच.

मग मी गाडी मुद्दाम उन्हात ठेवली. चार दिवस काही होईना. पाचव्या दिवशी, दुपारी अडीचला, म्हात्रे पुलावर लाल विझला आणि त्याच क्षणी इंजिन गेलं. हिरवा पेटलेलाच. इतक्या महिन्यांत बंद पडलेल्या गाडीत बसून हसण्याची ती पहिलीच वेळ. तिथेच स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डॅशबोर्डखाली रिलेच्या डबीवर दोन टिचक्या मारल्या. लाल लागला. गाडी सुरू.

रिले काढला तो संध्याकाळी. बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडवा, मग डॅशबोर्डखाली हात घाला. आमचा एका दहाच्या नटावर होता. घरी जेवणाच्या टेबलावर १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर रिलेची स्वतःची कॉइल (त्याच्या आतलं विजेचं चुंबक) जोडली, कॉन्टॅक्टवर तोच लाल बल्ब. टिक् झालं, बल्ब लागला. मग बायकोचा हेअर ड्रायर. दोन मिनिटं काही नाही, तीन मिनिटं काही नाही, आणि चौथ्या मिनिटाला ‘टिक्’ होऊन बल्ब विझला. ड्रायर बंद करून पंख्याखाली धरला, थोड्या वेळाने परत लागला. हे बाबांनी तीनदा करून बघितलं.

डबीचं झाकण खाचांवर असतं, पातळ पट्टीने निघतं. आत छोटं सर्किट बोर्ड. नुसत्या डोळ्यांना सगळं ठीक. बाबांच्या पेपर वाचायच्या भिंगाखाली धरलं तेव्हा एका जाड पिनच्या भोवती सोल्डरमध्ये केसाएवढी काळी रेघ दिसली, पूर्ण गोल, बांगडीसारखी. पिन आणि सोल्डर एकमेकांना टेकलेले होते, जोडलेले नव्हते. रोजचं तापणं-निवणं आणि खड्ड्यांचे हादरे वीस वर्षं खाल्ले की अशी भेग पडते. गार असताना दोन्ही बाजू टेकतात, तापल्यावर पिन एकीकडे आणि बोर्ड दुसरीकडे सरकतो, करंट तुटतो. वायरमन मंडळी याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात.

दुरुस्ती पंधरा मिनिटांची. जुनं सोल्डर शोषून काढलं, पिन खरवडून चकचकीत केली, फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावायचं रसायन) लावून ६०/४० चं (कथील-शिसं) नवं सोल्डर ३५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने दिलं. नुसतं वरून तापवून जुनंच सोल्डर वितळवू नका, ते दोन महिन्यांनी परत तडकतं. एक पिन फुटली आहे म्हणजे बाकीच्यांचंही वय तेवढंच, म्हणून सगळ्या केल्या. पुन्हा टेबलावर, पुन्हा ड्रायर, दहा मिनिटं. बल्ब हलला नाही. बुधवार पेठेतून आणलेलं सोल्डर आणि फ्लक्स धरून खर्च दोनशेच्या आत.

आता, तुमचं लक्षण आमच्यासारखं नसेल तर थोडक्यात.

फक्त सिग्नलला, क्लच दाबल्यावर किंवा एसी लावल्यावर बंद पडत असेल तर वीज बाजूला ठेवा. थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत) काळा थर, आयडल व्हॉल्व्ह (रेस सोडल्यावर हवा पुरवणारा) चिकटलेला किंवा व्हॅक्यूमचा रबरी पाइप चिरलेला, यातलं काहीतरी. पावसाळ्यातच त्रास असेल तर प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाचं) झाकण. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून त्यांच्यावर लांबून पाण्याचा हलका फवारा मारा, वायर फुटकी असेल तर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. हात लांब.

पेट्रोल भरल्यापासून बिघडली, झटके देत बंद पडते, थांबल्यावर काही काळ चालते, तर टाकीचा तळ बघा. कचरा जाळीवर ओढला जाऊन चिकटतो आणि इंजिन थांबलं की सुटून खाली बसतो. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २०२५ पर्यंत इथेनॉल २० टक्क्यांवर आलं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सोडवतं, तो सगळा फिल्टरमध्ये येतो. २००३ च्या गाडीचे रबरी पाइपही त्या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत, ते एकदा दाबून, वाकवून बघा. चिरा दिसल्या तर लगेच बदला, तिथे थांबायचं नाही.

सीएनजी बसवलेली असेल तर तुमच्या हातात आयतीच कसोटी आहे. गॅसवर नीट चालते आणि पेट्रोलवर मरते, तर ठिणगी, क्रँक सेन्सर, ईसीएम सगळे बहुधा निर्दोष, पेट्रोलच्या वाटेवर शोधा. दोन्हींवर मरते, तर वरचे दिवे बघायला घ्या, आणि किट बसवताना मूळ वायरिंग कापून जिथे पिळून टेप गुंडाळली आहे ते सांधे आधी उघडा. आणखी एक, गॅसवर चालवताना टाकीत पेट्रोल तळाला ठेवायची सवय मोडा. पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. कोरडा फिरला की जळतो.

ब्लूटूथचा कोड रीडर (ईसीएममधले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारा) घेऊ का, असं बरेच जण विचारतात. २०१३ नंतरच्या गाडीला जरूर घ्या. आमच्या वयाच्या गाड्यांत तो लागेलच असं नाही, आणि आमच्या केसमध्ये लागला असता तरी ईसीएमचाच करंट जात होता, मेलेला माणूस जबानी कुठून देणार.

रिले जोडून पुढचा एप्रिल गेला. शिरवळला मुद्दाम गाडी उन्हात ठेवून चहा प्यायलो आणि एसी बंद करून खंबाटकी चढलो, बाबांच्या हट्टाने. दोन्ही बल्ब पेटलेले होते. नाना पेठेतून नवा रिलेही मिळाला, तो कप्प्यात वहीशेजारी पडून आहे, सोबत दहाचा पाना. बल्ब मात्र बाबा काढू देत नाहीत.